झोपेचे विकार: ओळखायचे कसे, निदान करून घ्यायचे कसे?

नेसरी आणि गडहिंग्लज, आजरा, चंदगड परिसरातील रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

"रात्रभर झोपतो, पण सकाळी अंग जड." "बिछान्यावर पडलं की विचारच थांबत नाहीत." "ह्यांच्या घोरण्यानं घरात कुणाला झोप नाही." अशा तक्रारी दवाखान्यात रोज येतात, पण बहुतेक वेळा त्या दुसऱ्या तक्रारीच्या शेपटाला जोडलेल्या असतात. रुग्ण रक्तदाब तपासायला येतो आणि निघताना दारात उभा राहून म्हणतो, "झोपेची एखादी गोळी द्या की." या एका वाक्यामागे पाच-सहा वेगवेगळे आजार असू शकतात. त्यातल्या एकाला गोळीने आराम पडेल, तर दुसऱ्याला तीच गोळी धोक्यात घालेल. म्हणून आधी निदान, मग उपचार.

झोपेच्या आजाराची एक अडचण इतर आजारांत नसते. ज्याला आजार आहे तो त्या वेळी झोपलेला असतो, त्यामुळे त्याला स्वतःचा आजार दिसत नाही. तो शेजारी झोपणाऱ्याला दिसतो, ऐकू येतो. म्हणून निदानाची सुरुवात यंत्रापासून होत नाही, तुमच्या घरापासून होते. या लेखात विकारांची ओळख, घरी करायची तयारी, तपासणीच्या पायऱ्या आणि अहवालाचा अर्थ क्रमाने दिला आहे.

आधी हे ठरवा: झोप कमी मिळते, की मिळालेली झोप बिघडते?

प्रौढ माणसाला रोज साधारण ७ ते ९ तास झोप लागते. साठीनंतर झोप हलकी होते, मधे जाग येते, पण ७ तासांची गरज फारशी कमी होत नाही.

आपल्या भागातल्या घरांचा दिवस पाहा. पहाटे दूध काढून संस्थेत घालायचे, म्हणून चार-साडेचारला उठायचे. रात्री मालिका, मोबाईल आणि जेवणखाण आवरून आडवे व्हायला अकरा वाजतात. हिशेब पाच तासांचा होतो. अशा माणसाला दुपारी पेंग येत असेल तर तो आजार नव्हे, ती झोपेची उधारी आहे. शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असली की उसाला दारे धरायला अंधारात जावे लागते. कारखान्याच्या हंगामात ऊसतोड, ट्रॅक्टर-ट्रॉली, रात्रपाळी यांत झोपेचे वेळापत्रक मोडते.

स्वतःची परीक्षा सोपी आहे. दोन आठवडे, जमेल तितके, रोज ठरावीक वेळी झोपा आणि सात-आठ तास मिळू द्या. थकवा गेला, तर प्रश्न वेळेचा होता. पुरेसा वेळ देऊनही झोप लागत नसेल, किंवा झोपूनही ताजेतवाने वाटत नसेल, तर विकाराचा संशय घ्यायला हवा.

झोपेत शरीरात काय चालते?

झोप म्हणजे बंद पडलेले यंत्र नव्हे. साधारण दीड तासाची एक फेरी, अशा रात्रीत चार-पाच फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप येते. गाढ झोपेत शरीराची झीज भरून निघते. ही झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते. त्या वेळी मेंदू जागा असल्यासारखा चालतो, पण हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी बिछान्यात धावत नाही. ही फेरी वारंवार तुटली, तर घड्याळात आठ तास दिसतात पण शरीराला आठ तास मिळत नाहीत.

मुख्य विकार आणि त्यांच्या खुणा

१. झोपेत श्वास अडणे, म्हणजे स्लीप ॲप्निया

झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात. काही जणांत श्वासाची वाट इतकी अरुंद होते की हवा जाताना घसा थरथरतो. तेच घोरणे. वाट पूर्ण मिटली की श्वास दहा सेकंद किंवा जास्त काळ थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्या आवाजात श्वास परत सुरू होतो. रात्रीत हे शेकडो वेळा होऊ शकते आणि सकाळी रुग्णाला त्यातले काहीच आठवत नाही.

"मोठ्याने घोरतो म्हणजे गाढ झोपतो" हा समज घराघरांत आहे आणि तो उलटा आहे. घोरताना मधेच शांतता, मग झटका देऊन श्वास, ही सर्वांत महत्त्वाची खूण. जोडीला सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, दिवसा पेंग, चिडचिड आणि विसरभोळेपणा. गळ्याचा घेर जास्त, वजन जास्त, जबडा लहान किंवा आत असेल तर शक्यता वाढते. पण बारीक माणसालाही हा आजार होतो.

बायकांमध्ये हा आजार लपून राहतो. पाळी गेल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते, पण "बाईमाणूस घोरते" हे सांगायची लाज वाटते. शिवाय त्यांची तक्रार बहुधा घोरण्याची नसते. थकवा, डोकेदुखी, झोपमोड अशी असते. त्यामुळे त्यांना वर्षानुवर्षे रक्तवाढीच्या किंवा झोपेच्या गोळ्या मिळत राहतात. घरातल्या बाईची झोप कशी आहे, हे नवऱ्याने आणि मुलांनीही लक्ष देऊन पाहिले पाहिजे.

उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर या आजाराची तपासणी करायलाच हवी. हृदयाचे ठोके अनियमित होणे, पक्षाघात, साखर बिघडणे यांच्याशीही त्याचा संबंध आहे. आणि गाडी चालवताना लागलेली डुलकी तर एका क्षणात जीव घेते.

२. निद्रानाश

झोप लवकर न लागणे, मधेच मोडणे किंवा पहाटे फार लवकर जाग येऊन परत न लागणे. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने किंवा जास्त काळ असे होत असेल आणि त्याचा दिवसावर परिणाम होत असेल, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. घरात कुणी गेले, मुलीचे लग्न आहे, कर्जाची नोटीस आली, अशा वेळी काही रात्री झोप उडणे स्वाभाविक आहे. अडचण पुढे होते. झोप येत नाही म्हणून माणूस लवकर आडवा होतो, तास न् तास घड्याळ पाहत पडून राहतो आणि हळूहळू मेंदूला बिछाना म्हणजे जागण्याची जागा अशी सवय लागते. मूळ कारण मिटले तरी निद्रानाश मागे राहतो.

निद्रानाशामागे दुसरा आजारही असू शकतो: सांधेदुखी, दमा, आम्लपित्त, थायरॉईड, प्रोस्टेटमुळे रात्री लघवीला उठणे, वाढलेली साखर, नैराश्य. पहाटे तीनला जाग येणे, मन उदास, कशात रस नाही, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. संध्याकाळनंतरचा चहा आणि तंबाखू-मिसरीही झोप उडवतात. मिसरीतले निकोटिन मेंदूला जागे ठेवते. झोपण्यापूर्वी मिसरी लावायची सवय असेल तर ती सांगायला संकोच करू नका.

३. पायांची अस्वस्थता

रात्री आडवे झाले की पायांत काहीतरी सळसळते, ओढल्यासारखे होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चालले की बरे, परत आडवे झाले की सुरू. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. हे पायात गोळे येण्यापेक्षा वेगळे आहे. गोळ्यात पोटरी दगडासारखी घट्ट होते आणि दुखते. इथे स्नायू घट्ट होत नाही. शरीरातले लोह कमी असणे हे याचे महत्त्वाचे कारण आहे. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारातही हा त्रास होतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. म्हणून फेरिटिन ही वेगळी रक्ततपासणी करावी लागते.

४. पाळ्यांमुळे बिघडलेली झोप

कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली येथील कारखान्यांत पाळीने काम करणारे, साखर कारखान्याचे कामगार, रात्री वाहने चालवणारे, रुग्णालयातील कर्मचारी यांच्या शरीराचे घड्याळ आणि कामाचे घड्याळ जुळत नाही. सुटीच्या दिवशीही झोप येत नाही आणि कामावर डोळे मिटतात. हे महिनोन्महिने चालत असेल तर तोही निदान करण्याजोगा विकार आहे.

५. झोपेत हालचाली, बडबड आणि "छातीवर कुणीतरी बसणे"

मुले झोपेत चालतात किंवा दचकून ओरडतात. बहुतेकांचे वय वाढले की थांबते. पण पन्नाशी ओलांडलेला माणूस झोपेत स्वप्नाप्रमाणे हात चालवू लागला, लाथा मारू लागला, शेजारच्याला इजा होऊ लागली, तर मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवावे. यातल्या काही रुग्णांत पुढे काही वर्षांनी पार्किन्सनसारखा आजार दिसतो. एका बाजूला झटके, जीभ चावणे, कपड्यात लघवी होणे असे झाले तर ती फिट असू शकते.

जाग आली आहे, खोली दिसते आहे, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसले आहे असे वाटते. हा अनुभव अनेकांना कधी ना कधी येतो आणि त्याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेले जाते. वर सांगितले तसे, स्वप्नांच्या झोपेत स्नायू ढिले असतात. मेंदू जागा झाला आणि स्नायू अजून सुटले नाहीत, की असे होते. काही सेकंदांत किंवा मिनिटांत ते आपोआप सुटते. झोप अपुरी असताना ते जास्त होते. हे वारंवार होत असेल आणि दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल, तर मात्र तपासणी हवी.

६. दिवसा आवरता न येणारी झोप

रात्री पुरेसे झोपूनही वर्गात, जेवताना, बोलताना झोप लागते आणि हसताना किंवा राग आल्यावर अचानक गुडघे ढिले पडतात, हातातली वस्तू सुटते. हा नार्कोलेप्सी नावाचा दुर्मीळ आजार असू शकतो. तो बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. अशा मुलाला आळशी म्हणून शिक्षा होते आणि निदान कित्येक वर्षे लांबते.

७. मुलांचे घोरणे

मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, झोपेत खूप घाम येत असेल, सुटलेले अंथरूण ओले करणे परत सुरू झाले असेल, तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी वाढल्याची शक्यता आहे. मुले झोप कमी झाली की पेंगत नाहीत. उलट चळवळी, हट्टी होतात आणि अभ्यासात मागे पडतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

घरी करायची तयारी

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे पुढील तीन गोष्टी करा. त्यावर एक पैसाही खर्च होत नाही आणि निम्मे निदान यातूनच होते.

• झोपेची वही. साध्या वहीत रोज सकाळी एक ओळ लिहा: किती वाजता आडवे झालो, अंदाजे किती वेळाने झोप लागली, किती वेळा जाग आली आणि कशामुळे, किती वाजता उठलो, दुपारी झोपलो का, चहा-तंबाखू-दारू किती वाजता घेतली, कामाची पाळी कोणती होती. रात्री घड्याळ बघून लिहू नका. अंदाज पुरेसा आहे.

• मोबाईलवर चित्रण. घोरणे, श्वास थांबणे किंवा हातपाय हलणे याचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण करा. आवाज नीट यायला हवा. रुग्णाला आधी सांगून त्याची परवानगी घ्या.

• साक्षीदार. शेजारी झोपणाऱ्या माणसाला दवाखान्यात सोबत न्या. नवरा, बायको, आई, सून, कुणीही. "यांचा श्वास थांबतो, मी हलवून जागे करते" हे त्यांचे वाक्य दहा तपासण्यांच्या मोलाचे असते.

सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन जा, आयुर्वेदिक काढे आणि मेडिकल दुकानातून परस्पर आणलेल्याही. सर्दीच्या, उलटीच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांचा झोपेवर परिणाम होतो.

कुठे जायचे?

पहिली भेट तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची किंवा ग्रामीण रुग्णालयाची. वजन, गळ्याचा घेर, रक्तदाब, नाक-घसा, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड ही तपासणी नेसरी-गडहिंग्लज भागात होऊ शकते. निद्रानाश आणि पायांची अस्वस्थता यांचे निदान बहुतेक वेळा माहिती विचारून आणि रक्त तपासूनच होते. त्यासाठी रात्रभराच्या तपासणीची गरज सहसा पडत नाही.

ॲप्निया, झोपेतल्या हिंसक हालचाली किंवा नार्कोलेप्सीचा संशय असेल तर पुढे पाठवले जाते. या भागातल्या लोकांना कोल्हापूर आणि बेळगाव ही दोन्ही शहरे सोयीची आहेत आणि दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालये आहेत. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आणि बेळगावात केएलई संस्थेचे रुग्णालय. घोरणे आणि श्वास अडणे यासाठी छातीविकार किंवा कान-नाक-घसा विभाग, हालचाली आणि नार्कोलेप्सीसाठी मेंदूविकार विभाग, निद्रानाश आणि उदासीनतेसाठी मानसोपचार विभाग. निघण्यापूर्वी फोन करून झोपेची तपासणी होते का, तारीख कधीची, खर्च किती, हे विचारा. सरकारी योजनेत काही बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

डॉक्टर काय विचारतील?

दिवसा किती पेंग येते हे मोजायला एपवर्थ प्रश्नावली वापरतात. ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत मागे बसून प्रवास करताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण गुण २४. दहापेक्षा जास्त आले तर पेंग नेहमीपेक्षा जास्त आहे. इथे "मला कुठं झोप येते?" असे म्हणण्याऐवजी एसटीत बसल्यावर गडहिंग्लज यायच्या आत तुमचा डोळा लागतो का, ते आठवा.

ॲप्नियाचा धोका मोजायला स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे: मोठे घोरणे, दिवसा थकवा, कुणी श्वास थांबलेला पाहणे, रक्तदाब, जास्त वजन, पन्नाशीपुढचे वय, जाड गळा आणि पुरुष असणे. "हो" अशी तीन उत्तरे आली तर मध्यम धोका, पाच किंवा जास्त आली तर मोठा धोका.

या दोन्ही याद्या निदान करत नाहीत. पुढची तपासणी कुणाला हवी, हे त्या सांगतात.

रात्रभराची तपासणी कशी होते?

तिचे नाव पॉलिसोम्नोग्राफी. सुई टोचत नाहीत, भूल देत नाहीत. डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर आणि पायांवर तारा चिकटवतात. नाकाखाली हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छाती-पोटावर पट्टे आणि बोटावर ऑक्सिजन मोजणारा चिमटा असतो. हृदयाचे ठोके, घोरणे आणि चित्रणही नोंदले जाते. तुम्ही फक्त झोपायचे. "एवढ्या तारांत झोप कशी लागणार?" असे सगळ्यांनाच वाटते. नेहमीसारखी झोप नाही लागली, तरी काही तासांची झोप निदानाला बहुधा पुरते.

तयारी: केस धुऊन या, तेल लावू नका. तेलामुळे तारा चिकटत नाहीत. नखांवरचा रंग काढा. दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा-कॉफी टाळा, दारू घेऊ नका. नेहमीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. परत येताना स्वतः गाडी चालवू नका.

ॲप्नियाचा दाट संशय असेल आणि हृदय, फुप्फुस किंवा मेंदूचा मोठा आजार नसेल, तर घरी करायची लहान तपासणी चालते. यंत्र घरी आणून रात्री लावायचे आणि सकाळी परत द्यायचे. त्यात मेंदूच्या तारा बहुधा नसतात, त्यामुळे ती आजार कमी दाखवू शकते. घरची तपासणी "ठीक" आली पण लक्षणे ठळक असतील, तर रुग्णालयातली तपासणी करावी. नार्कोलेप्सीसाठी दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी छोट्या डुलक्या घ्यायला लावून झोप किती मिनिटांत लागते ते मोजतात.

कोरोनाच्या काळात अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. जागेपणी तो ९८ दाखवतो म्हणून ॲप्निया नाही, असे समजू नका. ऑक्सिजन झोपेत उतरतो, जागेपणी नाही. मनगटी घड्याळातली झोपेची आकडेवारीही निदानासाठी पुरेशी नसते.

अहवाल कसा वाचायचा?

मुख्य आकडा एएचआय. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा बराच कमी झाला, त्याची ती सरासरी. समजा सहा तासांच्या झोपेत असे १५० वेळा झाले, तर १५० भागिले ६, म्हणजे २५.

• ५ पेक्षा कमी: प्रौढांमध्ये सामान्य
• ५ ते १५ पर्यंत: सौम्य
• १५ ते ३० पर्यंत: मध्यम
• ३० किंवा जास्त: तीव्र

मुलांसाठी मोजमाप वेगळे आणि कडक असते. दुसरा पाहायचा आकडा म्हणजे ऑक्सिजन कुठपर्यंत उतरला आणि ९० च्या खाली किती वेळ राहिला. पाठीवर झोपल्यावर आणि कुशीवर झोपल्यावर फरक आहे का, हेही विचारा.

निदानानंतर

ॲप्निया: मध्यम आणि तीव्र आजारात सीपॅप यंत्र हा मुख्य उपचार आहे. ते ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा हलक्या दाबाने नाकातून सोडते, त्यामुळे घसा मिटत नाही. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत १९८१ मध्ये मांडली. यंत्र लगेच विकत घेण्याची घाई करू नका. शक्य असेल तर भाड्याने घेऊन मास्क मानवतो का ते पाहा. वीज गेली तर यंत्र थांबते, पण मास्कमध्ये हवा खेळण्याची सोय असते आणि मास्क काढताही येतो. रात्री वीज वारंवार जात असेल तर इन्व्हर्टरची व्यवस्था करा. सौम्य आजारात वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, रात्री दारू टाळणे आणि दंतवैद्याने बनवलेले जबड्याचे उपकरण यांचा उपयोग होतो. काहींना शस्त्रक्रिया लागते. कोणत्याही ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना ॲप्निया असल्याचे जरूर सांगा.

निद्रानाश: पहिला उपचार गोळी नसून सवयी आणि विचार बदलण्याची पद्धतशीर उपचारपद्धती आहे. तिची साधी सूत्रे अशी: रोज उठण्याची वेळ एकच ठेवा, झोप आली तरच आडवे व्हा, वीस मिनिटांच्या आसपास झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा, बिछान्यात मोबाईल आणि हिशेब नकोत. बिछान्यातला वेळ मुद्दाम कमी करण्याचा भाग मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा, विशेषतः फिट येत असेल किंवा वाहन चालवत असाल तर.

पायांची अस्वस्थता: लोह कमी असेल तर ते भरून काढणे हा पहिला उपाय. पण तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नका.

पाळीचे काम: रात्रपाळीवरून आल्यावर खोली अंधारी करा, मोबाईल बंद ठेवा आणि घरच्यांना सांगून सलग झोप घ्या. कामावर जाण्यापूर्वी छोटी डुलकी घ्या. पेंग येत असेल तर दुचाकी हातात घेऊ नका.

झोपेच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगायचे तर

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका, आपली देऊ नका. ॲप्निया असलेल्याने अशी गोळी घेतली किंवा दारू पिऊन झोपला, तर घसा आणखी ढिला पडू शकतो आणि श्वास जास्त वेळ थांबू शकतो. वृद्धांत रात्री उठताना तोल जाऊन हाड मोडते. अनेक महिने गोळी घेत असाल तर ती एकदम बंदही करू नका. फिट येण्याचा धोका असतो. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

केव्हा थांबू नये?

• गाडी, ट्रॅक्टर किंवा यंत्र चालवताना डोळा लागला असेल: वाहन चालवणे लगेच थांबवा आणि याच आठवड्यात दाखवा.
• झोपेत श्वास थांबून ओठ निळे पडणे, छातीत दुखणे, जागे करूनही नीट शुद्धीवर न येणे: १०८ वर फोन करा.
• पहिल्यांदाच फिट आल्यासारखे झाले.
• झोप नाही आणि जगणे नकोसे वाटते: टेलिमानस, क्रमांक १४४१६, दिवसरात्र मोफत. मराठीतही बोलता येते. त्या माणसाला एकटे सोडू नका. शेतीची औषधे त्याच्या हाताशी राहणार नाहीत असे पाहा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

माझ्या लक्षणांमागे कोणता विकार असू शकतो? रात्रीची तपासणी खरोखर हवी का, घरची चालेल का? माझ्या चालू गोळ्यांपैकी कुठली झोप बिघडवते का? तपासणी होईपर्यंत मी वाहन चालवावे का? उपचाराचा उपयोग होतो आहे हे कधी आणि कसे कळेल?

हे प्रश्न झोपेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून न्या. पहिल्या भेटीत सगळी उत्तरे मिळणार नाहीत, पण वही, चित्रण आणि सोबतचा माणूस असेल तर डॉक्टर पहिल्याच दिवशी योग्य दिशेने तपासणी सुरू करू शकतात. आज रात्री तुमच्या घरात कुणी घोरत असेल, तर पाच मिनिटे जागे राहून ऐका. मधे श्वास थांबत असेल, तर सकाळी त्यांना सांगा. ते त्यांचे त्यांना कधीच कळणार नाही.

ही माहिती सर्वसाधारण समजासाठी आहे. तुमच्या तब्येतीबाबतचा निर्णय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.